गौरीला एक वेत होऊ द्यावं का? लॅब्राडोर, आनुवंशिक आजार आणि सोसायटीचे सल्ले

सोनटक्का · ११ जून, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आमची गौरी, पिवळी लॅब्राडोर, वय २१ महिने. राहणार कोथरूड, चौथा मजला. परवा ती तिसऱ्यांदा माजावर आली आणि तेव्हापासून आमचं लग्नघर झालंय. बी विंगमधल्या काकांचा ब्रूनो आहे, काळा लॅब, साडेतीन वर्षांचा, राजबिंडा. काकांनी स्वतःच विषय काढला: "जोड लावू, पिल्लं निम्मी-निम्मी." सासूबाईंचं म्हणणं, मुक्या जिवाला एकदा तरी आईपण मिळायला हवं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने तर ठणकावून सांगितलं की एक वेत झाल्याशिवाय नसबंदी करू नका, पुढे गाठी होतात.

दोघांचेही वंशावळीचे कागद आहेत. दोघेही खातात-पितात, पळतात. तर मग १) एक वेत तब्येतीला खरंच चांगलं असतं का? २) आई-बाप धडधाकट असताना पिल्लांना आनुवंशिक काही होऊ शकतं का, आणि आधी कळण्याचा काही मार्ग आहे का? ३) गौरी पिवळी, ब्रूनो काळा, मग पिल्लं कुठल्या रंगाची? (हा तिसरा प्रश्न लेकीचा आहे. तिच्या दृष्टीने तोच पहिला.)

बाप्पा_७२ · ११ जून, रात्री १०.४८

होऊ द्या की! आमच्याकडे चाळीस वर्षं कुत्री होती. कसल्या तपासण्या नि कसलं काय. एक वेत झालं की मादी कशी भरते, शांत होते. हल्ली सगळ्याचाच बाऊ.

टिवल्याबावल्या · ११ जून, रात्री ११.०२

निम्मी-निम्मी ठीक, पण सात झाली तर सातवं कुणाचं ते आधी स्टँपपेपरवर लिहून घ्या. सोसायट्या याहून लहान कारणांवरून फुटल्यात.

गोठ्यातला_डॉक्टर · १२ जून, सकाळी ६.३५

मी पशुवैद्य. पहिली बारा वर्षं गाई-म्हशींत गेली, आता कुत्री-मांजरं बघतो. क्रमाने घेतो.

एक वेत झाल्याने मादीच्या तब्येतीला काडीचाही फायदा नसतो. स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो तो लवकर केलेल्या नसबंदीने, बाळंतपणाने नाही. कंपाउंडरने दोन गोष्टींची खिचडी केली आहे. पिल्लं झालेल्या मादीलाही पुढे गाठी होतात आणि गर्भाशयात पू होतो. हा पू होण्याचा प्रकार माजानंतर काही आठवड्यांनी दिसतो: पाणी भरपूर पिते, जेवण सोडते, मलूल पडते. नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या माद्यांत मी तो दर महिन्याला बघतो. मात्र लॅबसारख्या मोठ्या अंगाच्या जातीत सहा महिन्यांच्या आत नसबंदी केली तर सांध्यांचे त्रास वाढतात असं अभ्यासांत दिसलंय, म्हणून फार घाईही नको. गौरी २१ महिन्यांची आहे, तिच्याबाबतीत तो प्रश्न मिटलाय. हा माज उतरून दोनेक महिने गेले की करता येईल, करायचीच असेल तर.

आईपणाबद्दल सासूबाईंशी वाद घालू नका. कुत्रीला आई न झाल्याची खंत असते असं मला तरी कधी दिसलेलं नाही.

आता दुसरा प्रश्न. "धडधाकट दिसतो" याला लॅबमध्ये तीन ठिकाणी अर्थ नाही.

पहिलं, खुबे. हिप डिस्प्लेशिया म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या वाटीत नीट न बसणं. वाटी उथळ असते, सांधा खुळखुळतो, मग झीज होते. कितीतरी कुत्री असे खुबे घेऊन चार-पाच वर्षं मजेत पळतात. बाहेरून कळत नाही, एक्स-रेच लागतो, तोही थोडी भूल देऊन, उताणं झोपवून, मागचे पाय सरळ ताणून आणि गुडघे आत वळवून. उभ्या कुत्र्याची प्लेट काढून "ओके आहे" म्हणणारे भेटतील, तिथून निघा. अमेरिकेतली ओएफए ही संस्था १९६६पासून हे काम करते. तिथे अंतिम श्रेणी २४ महिने पूर्ण झाल्यावरच मिळते.

दुसरं, डोळे. पीआरए नावाचा पडद्याचा आजार. आधी रात्रीचं दिसेनासं होतं. संध्याकाळी जिना उतरताना कुत्रं थबकतं आणि मालक म्हणतो हट्टी झालाय. मग हळूहळू पूर्ण अंधत्व. तिसरं, ईआयसी. जोरात पळापळ झाली की पाच-वीस मिनिटांत मागचे पाय लुळे पडतात, कधी कोसळतं. याचं जनुक २००८ साली सापडलं. पीआरएचा लॅबमधला नेहमीचा प्रकार आणि ईआयसी, दोन्हींची डीएनए चाचणी गालाच्या आतल्या बाजूला काडी फिरवून किंवा थोड्या रक्तावर होते.

रंग: ब्रूनोच्या पोटात पिवळा लपलेला असेल तर साधारण निम्मी पिल्लं पिवळी, निम्मी काळी. नसेल तर एकही पिवळं नाही. दोघांच्याही पोटात चॉकलेटी लपलेला असेल तर तेही एखादं निघेल. लेकीला सांगा, दोन काळ्यांना पिवळं होतं, पण दोन पिवळ्यांना काळं होत नाही.

अर्धवट_इंजिनिअर · १२ जून, सकाळी ९.१५

डॉक्टर, "पोटात लपलेला" हे आजारालाही लागू आहे ना? म्हणजे आई-बाप दोघंही ठणठणीत आणि पिल्लू आजारी, हे गणित मला कधी बसलं नाही.

गोठ्यातला_डॉक्टर · १२ जून, दुपारी १.४०

पत्त्यांनी सांगतो. प्रत्येक गुणाचे दोन पत्ते कुत्र्याच्या हातात असतात, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. पीआरए, ईआयसी यांत दोन्ही पत्ते खराब असतील तरच आजार. एकच खराब असेल तर कुत्रं निरोगी, पण तो पत्ता पुढे देऊ शकतं. त्याला वाहक म्हणायचं. दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक पिल्लामागे २५ टक्के शक्यता आजाराची, ५० टक्के वाहक होण्याची, २५ टक्के साफ सुटण्याची. "चारातलं एक" असं नाही हं. प्रत्येक पिल्लाला पत्ते नव्याने पिसले जातात. आठातली चार आजारी निघतील किंवा एकही नाही.

आणि वाहक म्हणजे बाद नव्हे. वाहकाला साफ जोडीदार दिला तर एकही पिल्लू आजारी पडत नाही. सगळ्याच वाहकांना वंशातून काढलं तर आधीच लहान असलेली जात आणखी आकसते आणि दुसरंच काहीतरी डोकं वर काढतं. चाचणी नकार देण्यासाठी नसते, जोडी ठरवायला असते.

खुब्यांना हे पत्त्यांचं गणित लागू नाही. तिथे अनेक जनुकं, त्यात वाढीच्या वयातलं वजन, त्यात आपल्या फ्लॅटांतल्या गुळगुळीत टाइल्स. चांगल्या खुब्यांच्या आई-बापांनाही वाईट खुब्यांचं पिल्लू होतं, फक्त कमी वेळा. एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. ४८ लॅब, पिल्लू असल्यापासून आयुष्यभर पाहिले. त्यांतल्या निम्म्यांना त्यांच्या जोडीदार भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. खुब्यांची झीजही उशिरा आणि कमी. निष्कर्ष २००२ साली छापून आले. तेव्हा बिस्किटं बंद करा.

गाईंवरून एक आठवलं. सीमेन स्टेशनवर, म्हणजे वीर्य गोळा करणाऱ्या केंद्रावर, वळू घ्यायचा तर त्याची आनुवंशिक दोषांची तपासणी होते, होल्स्टीन गाईंच्या जातीत बीएलएडीची (प्रतिकारशक्तीचा दोष, वासरं लहानपणीच दगावतात) तर नक्कीच. हे का सुरू झालं? कार्लिन-एम आयव्हनहो बेल नावाचा अमेरिकन वळू होता. मुलींना दूध भरपूर, त्यामुळे त्याचं वीर्य जगभर गेलं. तो बीएलएडीचा वाहक होता हे नंतर कळलं, तोवर त्याचा वंश गोठ्यागोठ्यांत पोचला होता. माझ्याकडे येणारा साधा दूधवाला वळूचा दाखला विचारतो. बंगल्यातले लोक मात्र कुत्र्याच्या बापाचा फक्त फोटो मागतात.

पगवेडी · १२ जून, दुपारी ३.३०

आमचा मोती पग होता. मोबाइल कंपनीच्या त्या जाहिरातीनंतर घरोघरी आले त्यांतलाच एक. घोरायचा त्याचं आम्हाला कौतुक, पाहुण्यांना ऐकवायचो. आठव्या वर्षी मे महिन्यात, सकाळी नऊची वेळ, नागपुरात. बागेत दहा मिनिटं चालला आणि जीभ निळी पडली. डॉक्टरांनी नंतर समजावलं की त्याच्या नाकपुड्या मुळातच चिरेसारख्या होत्या आणि मऊ टाळू घशात लोंबत होता. कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं, आणि याची धापच अडकलेली. ते घोरणं नव्हतं, हवा मिळवायची धडपड होती.

पुन्हा पग आणणार का विचारतात लोक. नाही. जीव फार लावतात, म्हणूनच नाही.

डेल्फ्टची_दिंडी · १२ जून, सायंकाळी ६.१०

पगवेडी, वाईट वाटलं वाचून.

इथे नेदरलँड्समध्ये यावर कायदाच आहे. आई-बापाच्या आरोग्याला किंवा पिल्लांना घातक अशी पैदास करायला २०१४पासून बंदी, आणि २०१९मध्ये आखूड नाकाच्या जातींसाठी मोजमाप ठरलं. नाकाची लांबी डोक्याच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर त्या कुत्र्याची पैदास करता येत नाही. नॉर्वेत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर किंग चार्ल्सच्या पैदाशीविरुद्ध निकाल दिला. बुलडॉग मात्र सुटले. ब्रिटनमध्ये बंदी नाही, तिथे कुत्र्याला तीन मिनिटं दुडक्या चालीने पळवून आधी आणि नंतर घशाचा आवाज ऐकतात आणि ० ते ३ श्रेणी देतात. मला ती पद्धत जास्त आवडते, घरीही निम्मं काम होतं: तीन मिनिटं पळवा आणि कान लावा.

केनेलवाला_नाशिक · १२ जून, रात्री ९.५५

सगळे ब्रीडरला धोपटायच्या आत मीच हात वर करतो. लॅब आणि गोल्डन, घरच्या घरी, वर्षाला दोन-तीन वेतं. नोंदणी आहे.

मला रोज येणारे फोन सांगतो. "डबल बोन आहे का?" "हेड किती मोठं?" "पॉकेट पॉम, म्हणजे चिमुकला पॉमेरेनियन मिळेल का, मोठाच होणार नाही असा?" "विदाउट पेपर दिलात तर किती कमी कराल?" अकरा वर्षांत खुब्यांचा एक्स-रे विचारणारे हाताच्या बोटांवर. डबल बोन असं काही नसतं हो, जाड पायांचं जड पिल्लू असतं, आणि तेच पुढे सांध्यांनी रडतं. पॉकेट पॉम म्हणजे वेतातलं सगळ्यात किडकं पिल्लू, दुसऱ्या किडक्याला लावलेलं. गुडघ्याची वाटी सरकणारी, श्वासनळी दबणारी, टाळू न भरलेली.

मी माझ्या नरांचे एक्स-रे काढतो, डीएनएही करतो. माद्यांचे नाही करत. खरं सांगतो, खर्च परवडत नाही, आणि मादी सहसा ओळखीच्या चांगल्या नराची मुलगी असते म्हणून भागतं.

गोठ्यातला_डॉक्टर · १२ जून, रात्री १०.३०

पिल्लाला निम्मे पत्ते आईकडून येतात, नाशिककर. चांगल्या नराची मुलगी हा दाखला नाही, अंदाज आहे.

केनेलवाला_नाशिक · १२ जून, रात्री १०.४१

मान्य. म्हणून तर लिहिलं.

कारवानी · १३ जून, सकाळी ७.२०

लातूरकडचा आहे. आमच्याकडं कारवान, पाश्मी कुत्री. शेजारी कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात. ह्या कुत्र्यांना खुब्याचा आजार मी तरी पाहिला नाही, आमचे आजोबा तर त्याचं नावही ऐकून नव्हते. कारण सरळ आहे, जे पळायचं नाही ते ठेवायचे नाहीत आणि जे ठेवलं नाही त्याची पिल्लं व्हायची नाहीत. कागद नव्हता, पण परीक्षा रोजची होती.

आता शिकारीवर बंदी आहे, ती असावीच. पण मग परीक्षा गेली आणि शो आले. उंच पाहिजे, अंगावर डाग नको. काही जण गुपचूप ग्रेहाउंड घालतात आणि अस्सल कारवान म्हणून विकतात. दुसरीकडं चार गावांत एकाच नराची सगळी पोरं, बहीण-भाऊ एकमेकाला लावलेले. खाली तमिळनाडूत राजपालयमचं बघा, पांढराशुभ्र रंग पाहिजे म्हणून जपला आणि त्यात बहिरेपण आलं.

डॉक्टर लोकांना एक विनंती. ह्या जातीच्या अंगावर चरबी नसते. भूल देताना जपून. थायोपेंटोनवर आमचं एक कुत्रं दीड दिवस उठलं नव्हतं.

गोठ्यातला_डॉक्टर · १३ जून, सकाळी ८.०५

बरोबर. सगळ्या पळाऊ, सडपातळ जातींना ते लागू आहे. त्यांच्यासाठी दुसरी औषधं वापरतात.

औषधांवरून एक पोटप्रश्न. कोली किंवा कोलीचा संकर घरी असेल तर गोचीड-खरजेसाठी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणालाही देऊ देऊ नका. त्यांच्यात एमडीआर१ नावाचा आनुवंशिक दोष असतो, औषध मेंदूत शिरतं, कुत्रं थरथरतं, आंधळं होतं, मरतंही. आपल्याकडे ही इंजेक्शनं चहासारखी दिली जातात म्हणून मुद्दाम लिहिलं.

बाप्पा_७२ · १३ जून, सकाळी १०.१२

मग गावठीच बरं! संकर केला की सगळे आजार पळतात असं ऐकलंय. आणि एकदा गावठ्याशी लागली की मादी कायमची बाटते, पुढची सगळी वेतं बिघडतात, हेही ऐकलंय. दोन्हींतलं खरं काय?

अर्धवट_इंजिनिअर · १३ जून, दुपारी १२.२५

दुसरं साफ खोटं. मागच्या जोडीदाराचं काहीही पुढच्या वेतात उतरत नाही. हां, एकाच माजात दोन नर लागले तर एकाच वेतात दोन बापांची पिल्लं असू शकतात, गैरसमजाचं मूळ बहुतेक तेच.

पहिलं अर्धं खरं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने २०१३ साली २४ आनुवंशिक विकार शुद्ध आणि मिश्र कुत्र्यांत तपासले. दहा शुद्ध जातींत जास्त, तेरांत फरक नाही, आणि गुडघ्याचा पट्टा तुटणं हे एक मिश्रांत जास्त. त्या तेरांत हिप डिस्प्लेशियाही आहे. म्हणजे खराब खुब्यांचा लॅब आणि खराब खुब्यांचा जर्मन शेफर्ड यांचा संकर फक्त वेगळा दिसतो, खुबे तेच.

संकराचा शहाणा वापर डाल्मेशियनमध्ये झाला. या जातीत प्रत्येक कुत्र्याच्या हातात दोन्ही पत्ते खराब होते, लघवीत युरिक ॲसिड फार, खडे होऊन नरांची लघवी तुंबायची. जातीतल्या जातीत चांगला पत्ता शिल्लकच नव्हता. रॉबर्ट शायबल या अनुवंशशास्त्रज्ञाने १९७३ साली एकदाच पॉइंटरशी संकर केला आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा डाल्मेशियनच घातले. ठिपके जरा वेगळे येतात म्हणून अमेरिकन केनेल क्लबातल्या लोकांनी खळखळ केली, त्या वंशाला दार उघडायला २०११ उजाडलं. खडे चालतील, ठिपका वाकडा चालणार नाही!

सोनटक्का, तुमच्याकडे कागद आहेत ना? दोन्ही शेजारी ठेवा आणि आजोबा-पणजोबांत एखादं नाव दोन्हीकडे दिसतंय का बघा.

निमूट_वाचक · १३ जून, दुपारी १.००

कायद्याचंही कुणीतरी सांगा. २०१७चे श्वान-पैदास नियम आहेत. विक्रीसाठी पैदास करायची तर राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. मादी १८ महिन्यांची पूर्ण हवी, पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. "घरगुती आहे हो" म्हणून पैसे घेणारे बहुतेक जण हे वाचतच नाहीत.

सोनटक्का · १३ जून, रात्री ९.४०

बापरे, केवढं लिहिलंत. सगळ्यांचे आभार.

कागद शेजारी ठेवले. ब्रूनोचा बाप आणि गौरीच्या बापाचा बाप एकच आहे! एक परदेशी वंशाचा नर, नावापुढे चॅम्पियन. काकांना दाखवलं तर ते उलट खूश, "म्हणजे दोन्हीकडून चॅम्पियनचं रक्त!" हे किती वाईट?

अर्धवट_इंजिनिअर · १३ जून, रात्री १०.०५

ब्रूनो हा गौरीचा सावत्र काका झाला. पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक ६.२५ टक्के, फक्त या एका आजोबामुळे. तुलनेला: बाप-लेक किंवा सख्खी भावंडं २५, सावत्र भावंडं १२.५, आणि आपल्याकडची मामाची मुलगी नेमकी ६.२५. टक्का म्हणजे काय, तर पिल्लाच्या हातातले दोन्ही पत्ते एकाच पूर्वजाच्या एकाच पत्त्याच्या नकला असण्याची शक्यता. त्या चॅम्पियनचा पत्ता चांगला असेल तर चांगलं दुप्पट, खराब असेल तर तेही.

टिवल्याबावल्या · १३ जून, रात्री १०.०९

सोसायटीतलं पहिलं नात्यातलं लग्न.

गोठ्यातला_डॉक्टर · १३ जून, रात्री १०.५०

६.२५ म्हणजे हाहाकार नाही. पण तो नर फार वापरला गेलेला दिसतोय, तेव्हा तुम्हाला न दिसणारे दुवेही असतील. केनेल क्लबचा कागद पूर्वज सांगतो, त्यांचे खुबे सांगत नाही. या माजात जोड लावू नका. तसंही माजाच्या दिवसांत सांधे थोडे सैल असतात, एक्स-रे आत्ता नको. महिना-दीड महिना थांबा. डीएनए आत्ताही चालेल. आणि काकांना प्रेमाने सांगा, ब्रूनोचंही हवं. डीएनएच्या जोडीला दोघांचीही ब्रुसेल्ला या जंतुसंसर्गाची रक्तचाचणी हवी. तो आनुवंशिक नाही, संबंधातून पसरतो आणि माणसालाही लागतो.

सोनटक्का · ९ ऑगस्ट, रात्री ११.१५

धागा वर काढतेय, उशीर झाला.

डीएनए आला: पीआरए साफ, ईआयसीची वाहक. एवढं वाचून मी अगदी तज्ज्ञासारखी घरच्यांना समजावत होते की वाहक म्हणजे बाद नव्हे वगैरे.

एक्स-रे काल झाला. उजवा खुबा बरा. डावा वाईट. प्लेट बघून मलासुद्धा कळलं, गोळा वाटीच्या काठावर बसलाय, निम्मा बाहेर. आणि ही बया आज सकाळी टेकडी चढून आली! गेले वर्षभर ती बसताना डावा पाय बाजूला टाकते, आम्ही त्याला "गौरीची पोज" म्हणायचो, फोटो काढायचो.

पैदास अर्थातच नाही, नसबंदी सप्टेंबरमध्ये. वजन ३४ किलो आहे, २९वर आणायचंय. घरभर रबरी चटया टाकल्यात, सोफ्यावरून उडी बंद, जिना बंद, पोहायला नेतेय. सासूबाईंनी परवापासून तिला चपातीचा शेवटचा तुकडा देणं थांबवलं, हा सगळ्यात मोठा विजय.

काकांनी ब्रूनोचा एक्स-रे काढायला नकार दिला. "कुत्रा पळतोय बघा" म्हणाले. ब्रूनोची पुढच्या महिन्यात दुसरीकडे जोड ठरली आहे.

जिथून गौरीला आणलं त्यांनाही फोन केला. ओरडायला नाही, निदान त्यांना कळावं म्हणून. ते म्हणाले, "आमच्याकडे अशी तक्रार कधी आली नाही." मग गौरीच्या बहिणीच्या घरी फोन केला, नंबर होता माझ्याकडे. तिचं एका खुब्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालंय. त्यांनीही तेव्हा त्याच जागी फोन केला होता.

गोठ्यातला_डॉक्टर · १० ऑगस्ट, सकाळी ६.५०

वाईट वाटलं, पण वेळेत कळलं. पाच किलो उतरवणं हे माझ्या कुठल्याही गोळीपेक्षा भारी पडेल. एकेक किलोने उतरवा. पोहणं उत्तम. वेदना दिसली तर औषधं आहेत, माणसाच्या वेदनाशामक गोळ्या मात्र घरातून उचलून देऊ नका.

दोन बहिणींचे खुबे वाईट म्हणून दोष त्या चॅम्पियन आजोबाचाच असं म्हणता येत नाही, आईकडूनही आलेला असू शकतो. ते जोडपं पुन्हा लावलं जाऊ नये एवढं मात्र नक्की म्हणता येतं.

केनेलवाला_नाशिक · १० ऑगस्ट, रात्री ११.३०

सोनटक्का, त्या आजोबाचं नोंदणीचं नाव मला व्यनि (खासगी निरोप) कराल का? इथे नको.

सोनटक्का · ११ ऑगस्ट, सकाळी ८.००

केलाय.

केनेलवाला_नाशिक · ११ ऑगस्ट, रात्री १०.१८

मिळाला. तोच आहे. त्याची एक मुलगी माझ्याकडे आहे, पाच वर्षांची. दोन वेतं झालीत, अकरा पिल्लं. नऊ घरांचे नंबर सापडले, दोन शोधतोय. तिला शनिवारी नेतो प्लेट काढायला. डॉक्टर, भूल देण्याआधी किती तास उपाशी ठेवू?